क्वाय नदीवरील पूल आणि त्यावरची पाटी

युद्धावर निघालेल्या चित्रपटांचे आयुष्य बहुधा थोडे असते. लढाईच्या आठवणी ताज्या असतात तोवर लोक ते पाहावयास गर्दी करतात. पुढे नवी पिढी येते, नवी युद्धे होतात, आणि जुन्या विजयाच्या त्या कथा अडगळीत पडतात. १९५७ साली प्रकाशित झालेला ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा चित्रपट या नियमाला अपवाद ठरला. एक पूल बांधणे आणि तो उडवून देणे, एवढीच त्याची गोष्ट. परंतु तो पूल कोणी बांधला, कोणासाठी बांधला आणि त्यावर नाव कोणाचे लागले, हे तीन प्रश्न त्या गोष्टीतून उभे राहतात, आणि चित्रपटगृहाबाहेर पडल्यावरही ते आपला पिच्छा सोडीत नाहीत.

कथा १९४३ सालची, सयामच्या अरण्यातली. जपानी छावणीत ब्रिटिश युद्धकैद्यांची एक पलटण येऊन दाखल होते. पायांतले बूट फाटलेले, अंगावर चिंध्या. पण शीळ घालीत, पावलाला पाऊल मिळवीत ती आत येते. तिचा प्रमुख कर्नल निकल्सन. छावणीचा अधिकारी कर्नल सैतो याच्यावर ठरलेल्या मुदतीत रेल्वेचा पूल पुरा करण्याची जबाबदारी आहे. ती पार पडली नाही तर त्याला आत्महत्येवाचून गत्यंतर नाही. म्हणून तो फर्मावतो की, शिपायांबरोबर अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत करावी. युद्धकैद्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे पुस्तक पुढे करून निकल्सन नकार देतो. त्याला पत्र्याच्या एका कोंदट खुराड्यात उन्हात कोंडण्यात येते. तो खंगतो, पण नमत नाही. अखेर सैतोलाच माघार घ्यावी लागते. रशियावरील १९०५ च्या विजयाच्या स्मरणदिनाचे निमित्त काढून तो अधिकाऱ्यांना कामातून मोकळे करतो, आणि एकांतात ढसढसा रडतो.

येथे चित्रपट संपला असता तर ती एका स्वाभिमानी योद्ध्याची ठोकळेबाज कथा झाली असती. पण खरी कथा येथूनच सुरू होते. बाहेर आलेला निकल्सन पाहतो तो शिपाई कामचुकार झालेले, शिस्त ढासळलेली, पुलाची जागाही चुकीची निवडलेली. त्याला ही दशा असह्य होते. आपले शिपाई पुन्हा माणसांत यावेत म्हणून तो पुलाचे काम अंगावर घेतो. भक्कम तळ असलेली दुसरी जागा निवडतो, आराखडे करवितो, कामाची वाटणी ठरवितो. त्याचा एक अधिकारी सांगतो की, या रानातले लाकूड एल्म वृक्षाच्या जातीचे आहे आणि लंडनच्या पुलाखालचे एल्मचे खांब ६०० वर्षे टिकले होते. ६०० वर्षे! हा आकडा निकल्सनच्या मनात घर करतो. पूल शत्रूचा आहे, त्यावरून शत्रूची रसद जाणार आहे, ही गोष्ट हळूहळू त्याच्या दृष्टिआड होते. मुदत जवळ येते तेव्हा ज्या तत्त्वासाठी त्याने मरण पत्करले असते तेच तो आपल्या हाताने मोडतो. अधिकाऱ्यांना अंगमेहनतीला लावतो, आणि रुग्णालयात जाऊन आजारी शिपायांनाही हलक्या कामासाठी उठवितो. आणि पूल पुरा होताच त्यावर एक पाटी लावण्यात येते: हा पूल ब्रिटिश सैन्यातील शिपायांनी योजिला आणि बांधला.

त्या संध्याकाळी पुलाच्या कठड्याशी उभा राहून निकल्सन सैतोशी जे बोलतो ते या चित्रपटाचे मर्म आहे. आपल्या नोकरीला त्याच दिवशी २८ वर्षे झाली, त्या साऱ्या काळात आपण स्वदेशी जेमतेम दहा महिने असू, असे तो सांगतो. हिंदुस्थानावर आपले प्रेम होते, असेही तो म्हणतो. आणि मग त्याच्या मनात येते की, आयुष्याचा शेवट आरंभापेक्षा जवळ आला. आपण होतो याने जगात काही फरक पडला की नाही? एका साम्राज्याच्या चाकरीत केस पांढरे केलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याला पायाखालच्या लाकडी पुलात सापडल्यासारखे वाटते.

अॅलेक गिनेस यांनी ही भूमिका अशी काही वठविली आहे की, निकल्सन हा मूर्ख किंवा देशद्रोही आहे असे प्रेक्षकाला क्षणभरही वाटत नाही. तो प्रामाणिक, शूर आणि कर्तव्यदक्ष आहे. आणि याच गुणांमुळे तो फसतो. असा मनुष्य केवळ लष्करातच सापडतो असे नाही. कागद चोख ठेवणारा, वेळेआधी काम उरकणारा, पण त्या कागदाने कोणाचे भले आणि कोणाचे वाटोळे होणार आहे हा प्रश्न स्वतःला कधीही न विचारणारा निकल्सन जगातल्या प्रत्येक कचेरीत, कारखान्यात आणि प्रयोगशाळेत आढळतो. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, हा गीतेचा उपदेश आपल्याकडे सर्वांना पाठ असतो. पण कर्म कोणते आणि विकर्म कोणते हे जाणून घ्यावे, असेही त्याच गीतेने बजावले आहे, हे सहसा लक्षात राहत नाही. निकल्सनला हा विवेक उरला नाही. आसक्तीही सुटली नाही. ती पगारावरून पाटीवर गेली, इतकेच.

त्या पाटीचा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो. पूल उडविण्यासाठी आलेल्या तुकडीने खांबांना स्फोटके बांधलेली असतात. रात्रीतून नदीचे पाणी ओसरते आणि तार उघडी पडते. ती प्रथम दिसते निकल्सनला, आणि तोच सैतोला घेऊन तिचा माग काढीत वाळवंटात उतरतो. आपल्याच माणसांना तो शत्रूच्या हाती देतो. आपण काय करून बसलो याचे भान त्याला येते ते शेवटच्या घटकेला; जखमी होऊन कोसळताना त्याचा देह स्फोटाच्या दांड्यावर पडतो, आणि आगगाडीसह पूल नदीत जातो. दूर टेकडीवरून हे पाहणाऱ्या लष्करी डॉक्टरच्या तोंडून वेडेपणा या अर्थाचा एकच शब्द निघतो.

दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि निर्माते सॅम स्पीगेल यांनी हा सारा पसारा स्टुडिओतील देखाव्यांत न मांडता त्या वेळच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत नेला. कोलंबोहून हॅटनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कितुलगल नावाचे गाव आहे. दोन्ही बाजूंना घनदाट झाडी, मधून खळाळत जाणारी केलानी गंगा. या नदीवर हत्तींच्या साहाय्याने लाकडाचे ओंडके ओढून सुमारे ४२५ फूट लांब आणि ९० फूट उंच असा पूल खरोखरच उभारण्यात आला. मार्च १९५७ मध्ये, सिलोनचे पंतप्रधान बंडारनायके यांच्या उपस्थितीत तो उडविण्यात आला. पूल एकच, गाडी एकच. दृश्य पुन्हा घेणे शक्य नव्हते. पहिल्या दिवशी एका छायाचित्रकाराकडून तो सुरक्षित जागी पोचल्याची खूण मिळाली नाही, म्हणून स्फोट थांबवावा लागला आणि चालकाविना सोडलेली गाडी पूल ओलांडून पलीकडे जाऊन आदळली. ती पुन्हा रुळांवर आणून दुसऱ्या दिवशी काम पुरे करण्यात आले. पडद्यावर ते दृश्य काही क्षणांचे आहे. पण लाकूड खरे, लोखंड खरे आणि नदी खरी असल्यामुळे त्याचा जो आघात मनावर होतो तो खेळण्यातल्या पुलाने झाला नसता. जॅक हिल्डयार्ड यांच्या छायाचित्रणात तो उकाडा, ती दमट हवा आणि घामाने चिकटलेले सदरे जणू हाताला लागतात.

स्थळांच्या निवडीत एक योगायोगही साधला गेला. चित्रपटात ब्रिटिशांचे जे मुख्य ठाणे दिसते त्याचे चित्रण कँडीजवळच्या पेरादेनिया येथील वनस्पतिउद्यानात झाले. आणि १९४४ पासून आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन यांचे खरे ठाणेही तेथेच होते. म्हणजे या एका ठिकाणी इतिहास आणि नाटक एकाच बागेत भेटले. इतरत्र मात्र त्यांच्यातले अंतर पुष्कळ आहे, आणि ते समजून घेतल्यावाचून या चित्रपटाचा विचार पुरा होत नाही.

खरी रेल्वे सयाममधील बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्यूझायतपर्यंत, ४१५ किलोमीटर लांबीची. सिंगापूरला वळसा घालून रंगूनला जाणारा सागरी मार्ग दोस्तांच्या पाणबुड्यांमुळे धोक्याचा झाला होता; तेव्हा ब्रह्मदेशातील सैन्याला रसद पोचविण्यासाठी जपानने १९४२ मध्ये ही रेल्वे हाती घेतली. डोंगर, दऱ्या, हिवताप आणि वर्षातील अनेक महिने कोसळणारा पाऊस यांतून ती १७ ऑक्टोबर १९४३ रोजी जोडली गेली. त्यानंतर पाच महिन्यांनी जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमाच्या रोखाने हिंदुस्थानात शिरल्या. इंफाळच्या वाटेवर सांगशाक येथे मार्च १९४४ मध्ये त्यांना थोपवून धरणाऱ्यांत पाचव्या मराठा पलटणीची चौथी बटालियनही होती. सयामच्या रानात अंथरलेले ते रूळ आपल्या सीमेपासून वाटतात तितके दूर नव्हते.

खरा पूल कांचनबुरीजवळ तामार्कन येथे होता. तेथे एक लाकडी आणि एक पोलादी असे दोन पूल बांधण्यात आले. पोलादी पुलाच्या ११ कमानी जावा बेटावरून आणलेल्या होत्या. जपानी अभियंत्यांना पूल बांधता येत नव्हता, ही चित्रपटातली कल्पना निराधार आहे. ते आपल्या कामात वाकबगार होते. तेथील युद्धकैद्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल फिलिप तूझी हेही निकल्सनसारखे मुळीच नव्हते. काम नाकारले तर माणसे मरणार, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून वरकरणी सहकार्य करून त्यांनी कैद्यांसाठी अन्न, औषध आणि विश्रांती मिळविण्याचा प्रयत्न केला. आणि आतून काँक्रीटचे मिश्रण बिघडविणे, लाकडात वाळवी सोडणे असे उद्योग चालू राहिले. निकल्सनच्या चित्रणाने या सैनिकांना दुःख झाले, यात नवल नाही. त्यांतील पुष्कळांनी तसे बोलूनही दाखविले. तो पूल कोणा कमांडो तुकडीने उडविला नाही. १९४५ मध्ये दोस्तांच्या विमानांनी बाँब टाकून तो मोडला. युद्धानंतर त्याची दुरुस्ती झाली, आणि त्यावरून नाम तोकपर्यंत आजही आगगाडी जाते.

एवढेच काय, ज्या नदीवर तो पूल होता तिचे नावही वेगळे होते. ती मे क्लोंग. फ्रेंच कादंबरीकार पिएर बूल यांनी रेल्वे क्वे नदीच्या काठाने जाते हे ऐकले होते, त्यावरून पूलही तिच्यावरच असणार असे धरून १९५२ मध्ये आपली कादंबरी लिहिली. पुढे चित्रपट जगभर गाजला, प्रवासी कांचनबुरीला येऊन क्वाय नदी कोठे आहे असे विचारू लागले, आणि १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागालाच नवे नाव देण्यात आले. कथेने इतिहासावर आपली पाटी लावली ती अशी.

बूल यांच्या कादंबरीत पूल शेवटपर्यंत उभाच राहतो; तो पाडण्याचे श्रेय चित्रपटाचे. पण ज्यांनी कादंबरीचे पटकथेत रूपांतर केले त्यांची नावे मात्र पडद्यावर झळकली नाहीत. कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन हे दोघेही त्या काळी अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या आरोपावरून काळ्या यादीत होते. त्यांना उघडपणे काम देण्याची हॉलिवूडमधील कोणत्याही निर्मात्याची छाती नव्हती. म्हणून पटकथा बूल यांच्या नावावर मांडण्यात आली, जरी इंग्रजीत पटकथा लिहिणे हा बूल यांचा प्रांत नव्हता. या चित्रपटाला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, गिनेस यांचा अभिनय, छायाचित्रण, संकलन आणि माल्कम आर्नोल्ड यांचे संगीत यांबरोबरच पटकथेचाही त्यांत समावेश होता, आणि पटकथेचे पारितोषिक बूल यांच्या नावे जाहीर झाले. सुमारे २७ वर्षांनी ही चूक सुधारण्यात आली आणि फोरमन व विल्सन यांच्या पत्नींच्या हाती सन्मानचिन्हे देण्यात आली. ते दोघे लेखक तेव्हा हयात नव्हते. पूल कोणी बांधला हे पाटीवर लिहिण्याचा हट्ट धरणाऱ्या कर्नलची कथा ज्यांनी लिहिली, त्यांचीच नावे पाटीवरून पुसली गेली होती.

परंतु त्यांची नावे अखेर लागली तरी. ज्यांची कधीच लागली नाहीत, आणि लागण्याचा संभवही उरला नाही, असा एक फार मोठा समुदाय या कथेच्या मागे उभा आहे. रेल्वेवर राबलेले युद्धकैदी साठ हजारांहून अधिक होते. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोडे अमेरिकन. त्यांपैकी बारा हजारांवर माणसे मेली. हा आकडा भयंकर आहेच. पण त्याच मार्गावर आशियातील मजूर सुमारे दोन लाख किंवा त्याहूनही अधिक होते, आणि त्यांच्यातील मृतांची संख्या नव्वद हजारांच्या आसपास असावी असे सामान्यतः मानले जाते. त्यांत ब्रह्मी होते, मलायी होते, जावाचे होते. आणि मलायातील रबराच्या मळ्यांवर पोटासाठी गेलेले तमिळ लोक हजारोंनी होते. युद्धाने रबराचा व्यापार बसला, मळ्यांवर उपासमार आली. प्रथम मजुरीचे आमिष दाखवून आणि पुढे जबरदस्तीने त्यांना गाड्यांत भरून उत्तरेकडे नेण्यात आले. काहींबरोबर बायकामुलेही होती.

कैद्यांपेक्षा या मजुरांचे हाल अधिक का झाले, याचे कारण समजण्याजोगे आहे. पलटण कैदेत पडली तरी पलटणच राहते. तिच्यात अधिकारी असतात, शिस्त असते, पाणी उकळूनच प्यावे असा हुकूम देणारे आणि तो पाळविणारे कोणी असते. ऑस्ट्रेलियाचे एडवर्ड डनलॉप यांच्यासारखे डॉक्टर कैद्यांत होते. बांबूच्या नळ्या आणि डब्यांचे पत्रे यांतून त्यांनी उपकरणे तयार केली. मजुरांना यांतले काहीही नव्हते. ना नायक, ना वैद्य, ना एक भाषा. १९४३ च्या पावसाळ्यात काम वेळेत उरकण्यासाठी दिवसरात्र राबविणे सुरू झाले, त्याच सुमारास पटकीची साथ आली, आणि मजुरांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. कैद्यांच्या अधिकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मृतांच्या याद्या लपवून ठेवल्या होत्या. युद्ध संपताच १९४५ मध्ये एक पथक रेल्वेमार्गाने फिरले आणि त्याने कैद्यांच्या कबरी शोधून काढल्या. कांचनबुरीच्या लष्करी दफनभूमीत आज जवळजवळ सात हजार सैनिक विसावले आहेत. हिरवळ राखलेली, फुलझाडे लावलेली, आणि ज्यांची ओळख पटली त्यांच्या शिळेवर नाव, पलटण, वय. मजुरांची यादीच कोणी केलेली नव्हती. म्हणून त्यांच्या मृत्यूचा आकडाही अंदाजानेच सांगावा लागतो.

चित्रपटात हे मजूर पूल बांधताना दिसत नाहीत. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. पिएर बूल स्वतः युद्धापूर्वी मलायातील रबराच्या मळ्यावर अभियंते होते. अशा मळ्यांवरची ही माणसे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली असली पाहिजेत. पण त्यांना सांगावयाची होती एका इंग्रज कर्नलच्या अहंकाराची गोष्ट, आणि लीन यांनी तीच सांगितली. कलाकृतीला आपला विषय निवडण्याचा अधिकार असतो. मात्र ज्या प्रेक्षकाने निकल्सनला पाहिले आहे, त्याला चित्रपटानेच एक सवय लावलेली असते. सुंदर पूल दिसला की तो कोणासाठी आहे हे विचारावे, आणि पाटी दिसली की तिच्यावर कोणाचे नाव राहून गेले आहे हे पाहावे. ही सवय जर खरी असेल तर ती चित्रपटालाही लावून पाहिली पाहिजे. त्यात चित्रपटाची अप्रतिष्ठा नाही. ज्याने शिकविले त्याच्यावरच ती विद्या प्रथम चालविली, तर गुरूला राग येऊ नये.

कितुलगलला त्या लाकडी पुलाच्या पायाचे काँक्रीट अजून नदीकाठी दाखवितात. निकल्सनने ६०० वर्षांचा हिशेब केला होता. पूल चित्रपटातही एक दिवस टिकला आणि प्रत्यक्षातही फार टिकला नाही. कांचनबुरीचा पोलादी पूल मात्र उभा आहे. प्रवासी त्यावरून चालत पलीकडे जातात आणि छायाचित्रे घेतात. त्यांतील बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलेला असतो, किंवा निदान त्यातील शीळ ऐकलेली असते. त्या रुळांखालच्या जमिनीत मलायाच्या मळ्यांवरून आलेली आपली माणसेही आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. निदान आपण तरी तो चित्रपट पाहताना ते विसरू नये.